औंध संस्थान : इंग्रजी अमलात ७२ गावांच्या राजाच्या हातात नेमकं काय होतं?

माणगंगा_परळ

नमस्कार मंडळी. आटपाडी, माण, खटाव या भागातून मुंबईत स्थिरावलेल्या लोकांच्या मंडळासाठी लालबागला औंध संस्थानावर पाऊण तासाचं भाषण आणि आठ फलकांचं छोटं प्रदर्शन करायचं ठरलं आहे. ऐकायला येणारे बहुतेक जण असे आहेत की ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या गावावर औंधचा अंमल होता. सूर्यनमस्कार, किर्लोस्करवाडी, यमाईचं देऊळ एवढं सगळ्यांना तोंडपाठ आहे. तेच पुन्हा सांगण्यात अर्थ नाही.

मला जे नीट मांडायचं आहे ते असं. औंधला कुठं 'संस्थान' म्हणतात, कुठं 'सातारा जहागीर' म्हणतात. यातलं बरोबर काय? १८४८ साली सातारचं राज्य खालसा झालं, मग त्याच्याच पोटातली औंधची जहागीर कशी वाचली? राजाला आपल्या गावांत काय करता येत होतं आणि कशासाठी इंग्रजांच्या तोंडाकडे पाहावं लागत होतं? आणि १९३९ साली राजानं सत्ता प्रजेला दिली म्हणतात, ते इंग्रजांनी कसं चालू दिलं?

शिवाय क्षेत्रफळाचे दोन आकडे सापडतात, ४४७ चौरस मैल आणि ५०१ चौरस मैल. फलकावर कोणता घालू? मूळ कागद मुंबईत कुठं पाहता येतील आणि पाहताना लोक कुठं फसतात, हेही कुणी सांगितलं तर फार मदत होईल.

दप्तर_दादर

आधी 'प्रतिनिधी' हा शब्द सोडवून घ्या (औंधच्या राजांचा किताब पंतप्रतिनिधी), नाहीतर पहिल्याच फलकावर घोळ होईल. हे पद शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतलं नव्हे. राजाराम महाराज जिंजीला असताना ते निर्माण झालं, पहिले प्रतिनिधी प्रल्हाद निराजी. औंधच्या घराण्याचे मूळ पुरुष परशुराम त्रिंबक, मूळचे किन्हईचे. त्यांचा काळ १६६० ते १७१८. ताराबाई आणि शाहू यांच्या भांडणात घराणं दोन्हीकडे वाटलं गेलं. एक मुलगा कोल्हापूरच्या बाजूला राहिला, त्याची शाखा विशाळगडची. दुसरे श्रीनिवास ऊर्फ श्रीपतराव शाहूंबरोबर साताऱ्याला, त्यांची शाखा औंधची. म्हणजे पंतप्रतिनिधी दोन आहेत. शिवाय भोरचे पंतसचिव आणि बावड्याचे पंत अमात्य वेगळेच. जुन्या कागदात नुसतं 'पंत' असेल तर हे चौघेही डोळ्यांपुढे ठेवा आणि गावाच्या नावावरून ठरवा.

आता जहागीर की संस्थान. दोन्ही बरोबर, पण काळ वेगळा.

पेशवाईच्या शेवटी औंधची गादी परशुराम श्रीनिवास ऊर्फ थोटेपंत यांच्याकडे होती. दुसऱ्या बाजीरावाशी त्यांचं हाडवैर. बापू गोखल्यांशी झालेल्या लढाईत हात गेला म्हणून थोटेपंत. त्यांच्या बाजूनं वासोटा लढवणारी ताई तेलीण आणि 'तेलिण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा' ही ओळ तुमच्या श्रोत्यांतल्या वयस्करांना आठवेलच. म्हणजे १८१८ला पेशवाई बुडाली तेव्हा औंधला पेशव्यांसाठी रडायचं काही कारण नव्हतं. सातारा जहागिरदारांच्या पुढच्या वागण्यात ही गोष्ट विसरू नये.

इंग्रजांनी २५ सप्टेंबर १८१९ला प्रतापसिंह महाराजांशी तह केला आणि सातारचं छोटं राज्य त्यांना दिलं. त्या राज्याच्या हद्दीत सहा मोठे जहागिरदार होते : अक्कलकोट, औंध, भोर, फलटण, जत आणि वाईचे शेख मिरा. १८२० साली साताऱ्यातले पोलिटिकल एजंट जेम्स ग्रँट (पुढचे ग्रँट डफ) यांनी या जहागिरदारांशी स्वतंत्र करार करवून घेतले. कळीचा मुद्दा इथं आहे. जहागिरदार चाकर सातारच्या महाराजांचे, पण त्यांच्या जहागिरीची हमी इंग्रजांची. महाराजांना आपल्याच जहागिरदाराची जमीन काढून घेता येईना, आणि जहागिरदाराला महाराजांची चाकरी टाळता येईना. दोन्हीकडच्या दोऱ्या इंग्रजांच्या हातात.

प्रतापसिंहांना ही व्यवस्था सलत होती. जहागिरींवर शेवटचा हक्क कुणाचा, हा वाद त्यांच्या आणि मुंबई सरकारच्या बिघडलेल्या संबंधांतला एक मोठा भाग होता. १८३९ला त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं. भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर आले, ते ५ एप्रिल १८४८ला वारले. मृत्यूच्या आधी घेतलेला दत्तक डलहौसीनं मानला नाही आणि राज्य खालसा झालं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच हमीत आहे. सातारच्या गादीला वारस नाही असं इंग्रजांनी ठरवलं, तरी जहागिरदारांच्या गाद्या त्यानं रिकाम्या होत नव्हत्या आणि त्यांच्या हमीवर सही खुद्द इंग्रजांचीच होती. मधला धनी गेला, जहागिरदार थेट इंग्रजांचे मांडलिक झाले. म्हणून इंग्रजी कागदांत 'सातारा जहागिरी' हे नाव पुढंही टिकलं, आणि आपल्या बोलण्यात त्यांना संस्थान म्हणायची रीत पडली. फलकावर '१८२० ते १८४८ : सातारच्या छत्रपतींची इंग्रजांनी हमी दिलेली जहागीर, १८४८ नंतर : इंग्रजांचं मांडलिक संस्थान' असं लिहा.

१८५७ नंतर खालसा करण्याचं धोरण सरकारनं सोडलं आणि १८६२च्या सुमाराला कॅनिंगनं संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. गादी वारसाअभावी जाण्याची भीती तिथून संपली. गादीवरचा माणूस काढण्याचा अधिकार मात्र इंग्रजांनी कधीच सोडला नाही. औंधमध्येच १९०९ साली गोपाळकृष्णराव ऊर्फ नानासाहेब यांना दूर करून त्यांचे काका भवानराव ऊर्फ बाळासाहेब यांना बसवलं. ज्या राजाचं औंधकर आजही नाव काढतात, तो राजा असा इंग्रजांच्या निर्णयानं आला. हे फलकावर घालायला संकोच करू नका. त्यानं बाळासाहेबांचं काम कमी होत नाही.

हद्दखुणा

वरच्या उत्तराला जमिनीची बाजू जोडतो.

औंध संस्थान म्हणजे एक सलग तुकडा असं चित्र मनात असेल तर ते आधी पुसा. ७२ गावं होती, ती सुट्या तुकड्यांत. औंध स्वतः आजच्या खटाव तालुक्यात. आटपाडीचा तुकडा माणदेशात. कुंडलचा तुकडा कृष्णेच्या खोऱ्यात. आणि गुणदाळ तर पार विजापूर जिल्ह्यात. मध्ये इंग्रजी मुलूख आणि इतर संस्थानांची गावं. औंधच्या कारकुनाला आटपाडीला जायचं तर वाटेत परकी हद्द ओलांडावीच लागे.

४४७ आणि ५०१ या आकड्यांबद्दल. ४४७ चौरस मैल हा आकडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या छापील माहितीत येतो, त्याच्या जोडीला १९०१ची लोकसंख्या ६३,९२१. ५०१ चौरस मैल हा शेवटच्या काळातला, त्याच्याबरोबर १९४१ची लोकसंख्या ८८,७६२. चूक अशी होते की लोक एका काळाचं क्षेत्रफळ आणि दुसऱ्या काळाची लोकसंख्या एका ओळीत लावतात आणि दर मैली वस्ती काढून मोकळे होतात. जोडी मोडू नका. एकच घालायची असेल तर १९४१ची घाला आणि साल शेजारी लिहा.

खंडणीचा मुद्दा लहान आहे पण सांगण्यासारखा आहे. सातारा जहागिरदारांना घोडेस्वारांची चाकरी द्यावी लागे. पुढं तिच्याऐवजी रोख ठरली. अक्कलकोटला वर्षाला १४,५९२ रुपये, फलटणला ९,६०० रुपये. औंधवर अशी खंडणी नव्हती.

राजाच्या हातात काय होतं? जमीनमहसूल, गावची व्यवस्था, शाळा, दवाखाने, देवस्थानं, संस्थानची न्यायालयं, नोकरांच्या नेमणुका. बाळासाहेबांनी शाळांत सूर्यनमस्कार लावले ते या अधिकारात. हातात काय नव्हतं? नाणं इंग्रजांचं. टपाल आणि तार इंग्रजांची. परराष्ट्राशीच काय, शेजारच्या संस्थानाशीसुद्धा महत्त्वाचा व्यवहार राजकीय अधिकाऱ्यामार्फत. युरोपियन आरोपी संस्थानच्या न्यायालयापुढे नाही. संस्थानी मुलखातून रेल्वे जाई तिथं रुळाच्या पट्टीवरचा अंमल इंग्रजांकडे, म्हणजे शेत संस्थानचं आणि शेताला लागून गेलेली गाडीची वाट इंग्रजांची.

औंधला तोफांची सलामी नव्हती. १९२१ला नरेंद्रमंडळ (संस्थानिकांची दिल्लीतली सभा) निघालं तेव्हा मोठ्या संस्थानांचे १०८ राजे स्वतःच्या हक्कानं सभासद झाले, आणि १२७ लहान संस्थानांनी मिळून फक्त १२ प्रतिनिधी निवडायचे होते. लहान संस्थानाची दिल्लीतली किंमत या आकड्यांत दिसते. इंग्रजी कागद औंधच्या गादीवरच्या माणसाला बराच काळ 'चीफ' म्हणत, राजा नव्हे. म्हणून अनुवाद करताना 'औंधचे चीफ' हे वेगळेच कुणी अधिकारी होते असं समजू नका.

एवढ्या आवळलेल्या चौकटीतसुद्धा जमीन देणं हे राजाच्या हातात होतं, आणि बाळासाहेबांनी ते हत्यार नीट वापरलं. १९१०ला लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावहून कारखाना हलवावा लागला, तेव्हा कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळरान आणि १०,००० रुपयांचं कर्ज औंधनं दिलं. जागा रुळाच्या कडेला होती हे लक्षात घ्या. लोखंड आणायचं आणि नांगर पाठवायचे तर रेल्वे हवीच, आणि संस्थानच्या विखुरलेल्या गावांत ती सोय थोड्याच ठिकाणी होती. ओगले बंधूंचा काचकारखानाही औंधच्याच मुलखात, कऱ्हाडजवळ १९१६ला उभा राहिला, तिथलं ओगलेवाडी हे नाव त्यातूनच आलं.

तुटक हद्दीचा दुसरा उपयोग १९४२ नंतर दिसला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं मोठं केंद्र कुंडल होतं, आणि कुंडल औंधचं. भोवती सगळा इंग्रजी सातारा जिल्हा. एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत गेलं की पोलिसांची हद्दच बदलायची. कार्यकर्त्यांचं धैर्य आणि लोकांची साथ हे मुख्य कारण आहेच, पण नकाशाही त्यांच्या बाजूनं होता. एक फलक फक्त नकाशाचा ठेवा, आणि त्यावर गावं तुटक रंगवा, सलग रंग फासू नका.

माणगंगा_परळ

दोघांचेही मनापासून आभार. हमीचा मुद्दा आता स्वच्छ कळला.

१९३९बद्दल अजून अडलं आहे. 'भारतातली पहिली लोकशाही' असं लिहावं असा मंडळातल्या काहींचा आग्रह आहे. ते टिकेल का? आणि राजावर वरचष्मा इंग्रजांचा होता तर अशी राज्यघटना लागू करायला त्यांची परवानगी लागली नाही का?

ग्रामराज्य_ठाणे

'पहिली' लिहू नका. म्हैसूरला १८८१ पासून प्रतिनिधी सभा होती. कुणीतरी उठून ते सांगेल आणि मग बाकीचं खरं असलेलंही लोक ऐकणार नाहीत. औंधचं वेगळेपण दुसरीकडे आहे. इतर संस्थानांत सभा सल्ला द्यायच्या, निर्णय राजाकडे राहायचा. औंधच्या राजानं जबाबदार राज्यपद्धती मान्य करून स्वतःला घटनेत बांधून घेतलं, आणि सत्तेची सुरुवात राजधानीतून न करता गावापासून केली. हे वाक्य पुरेसं मोठं आहे.

घटनाक्रम असा. १९३८ साल देशभर संस्थानी प्रजेच्या चळवळींचं. फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेस झाली, वर्षअखेरीस राजकोटचा सत्याग्रह पेटला. नोव्हेंबर १९३८ला बाळासाहेबांनी प्रजेला अधिकार देण्याची घोषणा केली. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत इंग्लंडहून शिकून आले होते, आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते त्यांच्या सोबत होते. हे दोघे मसुदा घेऊन गांधीजींकडे वर्ध्याला गेले. गांधीजींनी मसुद्यात लक्ष घातलं आणि तो गावाकडे वळवला. २१ जानेवारी १९३९ला राज्यघटना कायदा म्हणून लागू झाली.

रचना खालून वर वाचायची. गावात पाच जणांची निवडून आलेली पंचायत. पंचायतींच्या प्रमुखांची मिळून तालुका समिती. तालुका समित्यांकडून विधिमंडळात माणसं. मंत्री विधिमंडळाला जबाबदार. गावातले तंटे शक्यतो गावातच पंचायतीपुढे मिटावेत, आणि महसुलातला मोठा वाटा गावाकडे परत यावा, ही त्यामागची धारणा. मताच्या अधिकाराशी साक्षरता जोडण्यावर गांधीजींचा भर होता, त्यामुळे प्रौढांना लिहायला शिकवणं हा राज्यकारभाराचाच भाग झाला. ही अट आज ऐकायला खटकते आणि खटकायला हवी, कारण निरक्षर कोण होते हे सांगायची गरज नाही. फलकावर ती झाकू नका. सोबत प्रौढ शिक्षणाचा प्रयत्नही लिहा म्हणजे चित्र पुरं होईल.

इंग्रजांच्या परवानगीचा प्रश्न. १९३८मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात लॉर्ड विंटरटन यांनी सरकारची भूमिका सांगितली होती की, संस्थानिक आपणहून प्रजेला अधिकार देत असेल तर सार्वभौम सत्ता आड येणार नाही, आणि त्यासाठी संस्थानिकावर जबरदस्तीही करणार नाही. त्यामुळे औंधच्या घटनेला अडवायला जागा नव्हती. दुसरं असं की, घटनेनं जे प्रजेला दिलं ते राजाच्या हातात होतं तेवढंच. वर 'हद्दखुणा' यांनी जी यादी दिली, त्यातलं टपाल, नाणं, रेल्वे, बाहेरचे संबंध हे राजाकडेच नव्हतं, तर तो देणार कुठून? 'पूर्ण स्वराज्य' हा शब्द म्हणून टाळा, 'अंतर्गत कारभारात जबाबदार राज्यपद्धती' म्हणा.

अडचणी कुठं आल्या तेही सांगा. औंधचा मोठा भाग माणदेशातला, पावसाच्या सावलीतला. जमीनमहसुलावर चालणाऱ्या राज्याचं उत्पन्न पाऊस ठरवतो. गावाला पैसा परत द्यायचं तत्त्व कितीही चांगलं असलं तरी आटपाडीसारख्या भागात दुष्काळी साली वाटायला महसूलच येत नाही, उलट सूट द्यावी लागते. त्यात घटना लागू झाली त्याच साली सप्टेंबरात दुसरं महायुद्ध सुरू झालं, मग महागाई आणि धान्याची टंचाई. एकूण नऊ वर्षं मिळाली, त्यातली सहा युद्धाची. या प्रयोगाचा निकाल लावताना एवढं धरून चाला.

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर मात्र सोडू नका. १९३९चीच गोष्ट, कल्पना फ्रीडमन यांची. गुन्हेगारांना भिंतीआड न ठेवता शेतीवर, कुटुंबासह राहू द्यायचं. तुमच्या श्रोत्यांत आटपाडीकडचे असतील तर हा फलक सगळ्यात आधी बघतील.

बाराखडी_गिरगाव

आता कागदांकडे. मुंबईत राहून जे होईल ते सांगतो.

पहिली जागा म्हणजे काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र पुराभिलेखागार. औंधसाठी साताऱ्याचा कलेक्टर हाच पदसिद्ध पोलिटिकल एजंट असायचा. तो मुंबई सरकारच्या राजकीय खात्याला लिहायचा, आणि त्या खात्याची दप्तरं इथं आहेत. ओळखपत्र आणि कशासाठी पाहायचं आहे याचा अर्ज सोबत न्या, जाण्याआधी वेळ आणि नियम विचारून घ्या. 'औंधचं सगळं दाखवा' अशी मागणी कधी करू नका. खातं, साल आणि विषय, या तीन गोष्टी हातात असतील तरच खंड निघतो. तुमच्या कामाला तीन सालं पुरतील : १८२०, १८४८ आणि १९०९.

१९३९ची फाईल तिथं शोधत दिवस घालवू नका. १९३३ला दक्षिणेतल्या संस्थानांचा कारभार मुंबई सरकारकडून काढून थेट हिंदुस्थान सरकारकडे गेला, रेसिडेंट कोल्हापूरला बसू लागला. म्हणजे घटनेबद्दलचा इंग्रजी बाजूचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधायचा. त्यांच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या सूची चाळता येते. लोक हमखास इथं चुकतात. मुंबईत काही सापडलं नाही म्हणून 'इंग्रजांनी दखलच घेतली नाही' असा निष्कर्ष काढतात.

छापील साहित्यासाठी टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी आणि दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. जुन्या इंग्रजी सूचीत औंध 'ए' या अक्षराखाली नसेल तर 'ओ'खाली बघा. पंतप्रतिनिधी हे नाव 'पंट प्रिथी निधी' अशा उच्चाराप्रमाणे लिहिलेलं असतं. आणि पुण्याच्या विद्यापीठाजवळचं औंध वेगळं, ते या संस्थानात नव्हतं. संगणकावर शोधताना दोन्ही एकत्र येतात.

मोडी कागद हातात आला तर दोन जागी खास सांभाळा.

पहिली जागा तारीख. १८२०च्या आसपासच्या कागदात सुहूर सन (तेव्हाच्या दप्तरातली वर्षगणना) अरबी शब्दांत असतो. समजा 'सु॥ अशरीन मयातैन व अलफ' आहे. अशरीन २०, मयातैन २००, अलफ १०००, मिळून १२२०. हे साल मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं. कागद जून ते डिसेंबरमधला असेल तर ५९९ मिळवा, जानेवारी ते मेमधला असेल तर ६००. म्हणजे याच सनाचा दिवाळीतला कागद १८१९चा आणि चैत्रातला कागद १८२०चा. सरसकट ५९९ मिळवलं तर चैत्रातला करार एक वर्ष आधी जाऊन पडतो, आणि सातारच्या तहाच्या आधीचा वाटू लागतो. सगळा युक्तिवाद उलटा होतो. शब्दांतही जपून : अर्बा म्हणजे ४ आणि अर्बैन म्हणजे ४०, सबा ७ आणि सबैन ७०, समान ८ आणि समानीन ८०. शेवटची वेलांटी किंवा मात्रा मोडीत पुसट असली की ७ चे ७० होतात. पडताळ्याला फसली सन (महसुलाची वर्षगणना) असेल तर बघा. दख्खनचा फसली सुहूरपेक्षा ९नं जास्त असतो, म्हणजे १२२०ला १२२९. हा फरक जुळला नाही तर वाचनात चूक आहे, पुन्हा वाचा. 'छ' आणि पुढं आकडा दिसला तर ती चंद्राची, हिजरी महिन्याची तारीख. तिला मराठी तिथी समजू नका.

दुसरी जागा दंड. मोडीत '॥' हे चिन्ह दोन कामं करतं. अक्षरापुढं आलं तर शब्द तोडला आहे, जसं 'मौ॥' म्हणजे मौजे. आकड्यापुढं आलं तर अर्धा, रुपयाच्या हिशेबात आठ आणे. '।' म्हणजे पाव, '॥।' म्हणजे पाऊण. मोडीत शब्द सुटे नसतात, शिरोरेघ आधी ओढून तिला अक्षरं लटकवलेली असतात. त्यामुळे '५॥ मौ॥ कुंडल' यासारख्या जागी पहिला दंड रकमेचा आणि दुसरा मौज्याचा हे नुसत्या नजरेनं कळत नाही. ओळीतल्या रकमांची बेरीज करून खालच्या एकूण रकमेशी ताडा. बेरीज आठ आण्यांनी चुकली तर दंड चुकीच्या खात्यात गेला आहे हे लगेच कळतं.

माणगंगा_परळ

बेरजेची युक्ती फारच उपयोगी. शेवटचं एक. विलिनीकरणाचा फलक कसा करू? लोक विचारणार, 'आमचं गाव औंधचं होतं, मग आज ते सांगली जिल्ह्यात कसं?'

हद्दखुणा

तारखा थोड्याच आहेत. १९४७मध्ये दक्षिणेतल्या काही संस्थानिकांनी मिळून एक संघ करून पाहिला, औंध त्यात होतं. तो टिकला नाही. ८ मार्च १९४८ला औंध इतर दक्षिणी संस्थानांबरोबर मुंबई प्रांतात विलीन झालं. बाळासाहेब त्यानंतर तीन वर्षांनी, १३ एप्रिल १९५१ला वारले.

त्यानंतर तुकडे आपापल्या शेजारच्या जिल्ह्यात गेले. १९४९ला सातारा जिल्हा फोडून दक्षिण सातारा केला, त्याचं नाव १९६०ला सांगली झालं. म्हणून आटपाडी आणि कुंडल सांगलीत, औंध साताऱ्यात. गुणदाळ विजापूरबरोबर राहिलं आणि १९५६च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं.

फलकावर चार रकाने करा : गाव, १९४७पर्यंत कुणाचं, १९४९ नंतर कोणता जिल्हा, आज कोणतं राज्य. उजवीकडे एक रकाना रिकामा ठेवा आणि खाली दोरीला पेन्सिल बांधा. येणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी संस्थानच्या काळातली पावती, सनद किंवा शाळेचा दाखला असेल ते आपल्या गावापुढं त्याची नोंद करतील. कागद तिथल्या तिथं मागून घेऊ नका, आधी सपाट ठेवून उजेडात फोटो काढा. मोडी असेल तर पाठीमागची बाजूही काढा, कारण मजकूर कशाबद्दल आहे त्याचा शेरा पुष्कळदा मागं असतो.